गालातला बोळा, नैराश्याची गोळी

नैराश्यावरचे औषध सुरू केल्यावर गुण येतो की नाही हे कळायला चार ते सहा आठवडे जातात. नाही आला, तर मात्रा वाढवायची, मग औषध बदलायचे आणि पुन्हा तितकीच वाट पाहायची. दरम्यान तोंडाला कोरड पडणे, झोप उडणे, वजन वाढणे, लैंगिक इच्छा मावळणे हे सगळे सोसायचे ते रुग्णाने. या चाचपडण्याला विटलेल्या माणसाला कोणी सांगितले की गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, जनुके तपासा आणि नेमके औषध मिळवा, तर त्याला ते पटणारच. अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्याची व्यवस्था पाहणारे सरकारी खाते म्हणजे डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स; तिकडच्या बोलण्यात नुसते 'व्हीए'. या खात्याने हा दावा जवळजवळ दोन हजार रुग्णांवर तपासून पाहिला. निष्कर्ष छापून आले, आणि समजुतींचे पीक कमी व्हायच्या ऐवजी वाढले. काहींना त्यात विजय दिसला, काहींना फजिती.

"जनुकांच्या तपासणीतून कोणते औषध लागू पडेल ते कळते."

नाही कळत. या तपासणीतला भक्कम भाग यकृतातल्या, औषधे पचवणाऱ्या काही विकरांपुरता आहे. त्यांपैकी दोन महत्त्वाची: सीवायपी-२डी६ आणि सीवायपी-२सी१९. पॅरॉक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीन, नॉरट्रिप्टिलीन ही औषधे मुख्यतः पहिल्याच्या वाटेने जातात; सिटालोप्रॅम, एस्सिटालोप्रॅम आणि बऱ्याच अंशी सर्ट्रालीन दुसऱ्याच्या. विकर मंद असेल तर औषध रक्तात साचते आणि नेहमीच्या मात्रेतही दुष्परिणाम होतात. ते फार तेज असेल तर औषध काम करायच्या आत निघून जाते. अहवाल सांगतो तो एवढाच हिशेब. औषध रक्तात पुरेसे टिकल्यावर त्या माणसाचे मन ताळ्यावर येईल का, या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर नसते.

गैरसमज होतो त्याला कारण आहे. लघवीच्या कल्चरचा अहवाल पुष्कळांनी पाहिलेला असतो: एका बाजूला चालणारी औषधे, दुसऱ्या बाजूला न चालणारी. जनुकांचा अहवालही तसाच दिसतो, औषधांची नावे रकान्यांत मांडलेली आणि वर रुग्णाचे नाव. पण कल्चरमध्ये खुद्द रोगजंतूवर औषध घालून पाहिलेले असते. इथे नैराश्याला कोणी हातही लावलेला नसतो. पाहिलेले असते ते औषध पचवणारे यंत्र.

"हिरव्या रकान्यातले औषध गुणकारी, लाल रकान्यातले विष."

व्यापारी अहवालांत औषधे हिरव्या, पिवळ्या आणि लाल रकान्यांत टाकण्याची पद्धत आहे. रस्त्यावरच्या सिग्नलची सवय असलेला डोळा त्याचा अर्थ आपोआप लावतो आणि चुकतो. हिरवा म्हणजे या औषधाबाबत जनुकांची अडचण दिसली नाही, इतकेच. डेसव्हेन्लाफॅक्सीनचे उदाहरण घ्यावे. ते या दोन विकरांवर फारसे अवलंबून नाही, त्यामुळे ते हिरव्यात पडण्याची शक्यता साहजिकच जास्त. त्याने ते इतरांपेक्षा चांगले ठरत नाही. तपासणीला त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही, असा त्याचा अर्थ. लाल रकान्यातल्या औषधाचेही तसेच. अनेकदा मात्रा निम्मी केली की काम भागते.

खरा धोका पुढे आहे. एखाद्या माणसाला दोन वर्षे ज्या गोळीने बरे ठेवले, तीच लाल रकान्यात दिसल्यावर तो ती एका रात्रीत बंद करतो. पॅरॉक्सेटीन किंवा व्हेन्लाफॅक्सीन असे तडकाफडकी सोडले की चक्कर, मळमळ, बेचैनी, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी भावना असा त्रास सुरू होतो, आणि आजार उलटतो तो वेगळाच. चालू औषध सोसत असेल आणि त्याने गुण आला असेल, तर तो पुरावा कोणत्याही रकान्यापेक्षा मोठा.

"माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत हे सिद्ध झाले आहे."

त्या चाचणीचे नाव प्राइम केअर. व्हीएच्या २२ वैद्यकीय केंद्रांत ती झाली, १,९४४ रुग्ण आणि ६७६ उपचारक त्यात होते, आणि जुलै २०२२ मध्ये 'जामा' या नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. रुग्णांचे सरासरी वय ४८, चौथा हिस्सा स्त्रिया. नव्याने औषध सुरू करणारे किंवा बदलणारे असे हे रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाच्या डॉक्टरांना अहवाल लगेच दिला. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार आणि अहवाल २४ आठवड्यांनंतर.

आकडे दोन ठिकाणी पाहावे लागतात आणि लोक पहिल्याच ठिकाणी थांबतात. पहिले ठिकाण म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी. जनुकांशी कोणताही खटका न उडणारे औषध अहवाल मिळालेल्या गटात ५९.३ टक्के रुग्णांना लिहून दिले गेले, दुसऱ्या गटात अवघ्या २५.७ टक्क्यांना. फरक दुपटीहून मोठा. अहवालाने डॉक्टरांचा हात वळवला, यात शंका नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे रुग्ण. नैराश्य मोजायला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची, २७ गुणांची प्रश्नावली वापरली होती. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असे किती दिवस, झोप कशी, भूक कशी, मरून जावे असे वाटले का, अशी ती विचारणा. बेरीज पाच किंवा त्याखाली आली की आजार उतरला असे धरले. २४ आठवड्यांचा संपूर्ण काळ एकत्र धरला तर अहवाल मिळालेल्या गटाचे पारडे २.८ टक्के अंकांनी जड. म्हणजे साधारण ३५ जणांची तपासणी करावी तेव्हा एकाला जास्तीचा फायदा. आणि चोविसाव्या आठवड्याला मोजले तेव्हा बरे झालेले एका गटात १३०, दुसऱ्यात १२६. हा फरक योगायोगानेही पडू शकतो.

शिवाय कोणत्या रुग्णाचा अहवाल हाती आहे, हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही ठाऊक होते. गुण मोजणाऱ्यांपासूनच ते झाकलेले होते. 'तुमच्या जनुकांना साजेसे औषध दिले आहे' हे वाक्य ऐकूनच काहींना उभारी येते. नैराश्याच्या चाचण्यांत साखरेच्या गोळीनेही बऱ्याच जणांना बरे वाटते, हे इथे विसरून चालत नाही. सक्रिय व्यसन, उन्माद किंवा मनोविकृती असलेल्यांना, तसेच काही ठरावीक औषधे घेणाऱ्यांना या चाचणीत घेतलेच नव्हते. दारूशी झगडणाऱ्या माजी सैनिकाला हे निष्कर्ष जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत.

चिठ्ठी इतकी बदलली आणि माणूस इतका थोडा बदलला, असे का? उत्तर त्याच आकड्यांत आहे. अहवाल नसतानाही जनुकांशी गंभीर खटका उडणारे औषध मिळालेले रुग्ण १९.७ टक्केच होते. पाचांतले चार त्या धोक्यात आधीच नव्हते. अहवालामुळे हे प्रमाण १०.७ टक्क्यांवर आले. म्हणजे ज्यांना तपासणीचा खरा उपयोग होऊ शकला असता ते शंभरात जेमतेम नऊ. उरलेला बराचसा बदल पिवळ्यातून हिरव्यात सरकण्याचा होता, आणि पिवळ्या रकान्यातला खटका मुळातच किरकोळ असतो. अहवाल समोर असूनही दर दहांतल्या एका रुग्णाला डॉक्टरांनी लाल औषधच दिले, ही गोष्टही बोलकी आहे. लाल रकान्याला त्यांनी सल्ला मानले, हुकूम नाही.

"म्हणजे हे सगळे थोतांड आहे."

एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी मारणे सोपे असते. गाजावाजा झालेल्या वस्तूचा फायदा लहान निघाला की फसवले गेल्याचा राग येतो, आणि तो राग समजण्यासारखा आहे. पण विकरांमुळे रक्तातली पातळी बदलते, ही गोष्ट प्रयोगशाळेत मोजता येते आणि ती वादातीत आहे. ज्यांचे २सी१९ काम करत नाही त्यांना सिटालोप्रॅम दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये, कारण हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलेले आहे. हीच मर्यादा साठीपुढच्या सर्वांना लागू आहे, जनुके कोणतीही असोत. म्हणजे सत्तरीतल्या निवृत्त सुभेदाराला ही काळजी घ्यायला बोळ्याची गरज नाही, जन्मतारीख पुरते.

दोनदा वेगवेगळी औषधे अगदी लहान मात्रेत सुरू केली आणि दोन्ही वेळा माणूस आडवा झाला, अशा रुग्णात ही तपासणी खरोखर काही सांगून जाते. सरसकट प्रत्येकाला सांगण्यासारखे तिच्याकडे फार थोडे आहे. व्हीएने स्वतःही विषय सोडून दिलेला नाही. सॅनफर्ड हेल्थ या संस्थेबरोबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात माजी सैनिकांची जनुके एकदा तपासून ती माहिती हृदयरोग, वेदना, कर्करोग अशा अनेक प्रकारच्या औषधांसाठी वापरण्याची कल्पना आहे. फक्त नैराश्यासाठी तपासणी करण्यापेक्षा हा विचार जास्त शहाणपणाचा वाटतो.

"जितकी जास्त जनुके तपासली, तितका अहवाल अचूक."

जाहिरातीत 'बारा जनुके', 'वीस जनुके' असे आकडे झळकतात. रक्ताच्या पॅकेज तपासण्यांनी आपल्याला हीच सवय लावली आहे: तेवढ्याच पैशांत ऐंशी चाचण्या, मग चाळीस का करायच्या? इथे मात्र संख्या वाढवायची तर कच्च्या पुराव्याची जनुके घ्यावी लागतात. सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे जनुक, एसएलसी६ए४, बहुतेक यादीत असते. २००३ मध्ये एका गाजलेल्या अभ्यासाने त्याचा एक प्रकार, आयुष्यातले आघात आणि नैराश्य यांचा संबंध दाखवला, आणि पुढची कित्येक वर्षे शेकडो शोधनिबंध त्या पायावर उभे राहिले. २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर हे जनुक आणि त्याच्यासारखी आणखी १७ गाजलेली जनुके पुन्हा पडताळली गेली. नैराश्याशी त्यांचे विशेष नाते सापडले नाही. पाया ढासळला, पण यादीतले नाव राहिले.

औषध निवडीतही तेच. जनुके आणि औषधे यांच्या मार्गदर्शक सूचना तयार करणाऱ्या सीपीआयसी या आंतरराष्ट्रीय गटाने २०२३ मध्ये एसएलसी६ए४ आणि एचटीआर२ए या दोन जनुकांवरून औषध ठरवू नये असेच म्हटले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ च्या शरद ऋतूत अशा तपासण्यांविषयी जाहीर इशारा देताना नैराश्यावरच्या औषधांचे दावे मुद्दाम उदाहरणादाखल घेतले होते. पुढच्या एप्रिलमध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या एका प्रयोगशाळेला ताकीदपत्रही गेले. २०२० मध्ये याच प्रशासनाने पुरावा असलेल्या जनुक-औषध जोड्यांचा तक्ता प्रसिद्ध केला. नैराश्याच्या औषधांपुरता तो वाचला तर पुन्हा पुन्हा भेटतात ती पहिलीच दोन विकरे.

"जनुके बदलत नाहीत, तेव्हा एकदा काढलेला अहवाल कायम खरा."

जनुके बदलत नाहीत हे खरे. त्यांचे काम मात्र बदलते, आणि माजी सैनिकांच्या बाबतीत हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. निवृत्त सैनिकाच्या औषधांच्या डबीत डोकावले तर नैराश्याची गोळी एकटी क्वचितच असते. पाठीच्या किंवा गुडघ्याच्या जुन्या दुखापतीसाठी ट्रामाडॉल, रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल, पित्तासाठी ओमेप्राझोल, आणि कुणी सिगारेट सोडावी म्हणून सुरू केलेले ब्युप्रोपियॉन.

यांतले ब्युप्रोपियॉन २डी६ या विकराला जवळजवळ गप्प बसवते. पॅरॉक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीनही तेच करतात. म्हणजे जनुकांच्या अहवालात 'सामान्य' असलेला माणूस त्या गोळीमुळे प्रत्यक्षात मंद विकराचा होऊन बसतो. मग काय होते? ट्रामाडॉल शरीरात २डी६ कडून बदलले गेल्यावरच नीट वेदनाशमन करते. विकर बंद, त्यामुळे वेदना तशीच. माणूस गोळी वाढवतो. न बदललेले ट्रामाडॉल साचते, आकडी येण्याचा धोका वाढतो; ब्युप्रोपियॉनही आकडीचा धोका वाढवणारेच, त्यामुळे दोन्ही धोक्यांची बेरीज होते. मेटोप्रोलोलही त्याच वाटेने जाणारे, ते साचते आणि नाडी मंदावते. रुग्ण थकवा, मरगळ सांगतो आणि ऐकणाऱ्याला वाटते नैराश्य वाढले. ओमेप्राझोल दुसऱ्या बाजूने २सी१९ दाबते आणि सिटालोप्रॅमची पातळी चढवते. यातले काहीही बोळ्याच्या तपासणीत दिसत नाही. डबी टेबलावर ओतून एकेक गोळी हातात घेणारा डॉक्टर किंवा औषधतज्ज्ञ लागतो, आणि हे काम फुकटात होते म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात होत नाही.

"दोन-तीन औषधे लागू पडली नाहीत, म्हणजे दोष जनुकांतच असणार."

असे वाटण्यात दिलासा आहे. 'माझ्यात काही कमी नव्हते, औषधच चुकीचे होते' असे म्हणता येते. सैनिकी शिस्तीत वाढलेल्या, मनाच्या आजाराची लाज बाळगणाऱ्या माणसाला हा आधार छोटा नसतो. पण पहिले औषध न लागणे ही अपवादाची गोष्ट मुळीच नाही. २००६ मध्ये निष्कर्ष आलेल्या स्टार-डी या अमेरिकी अभ्यासात पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले साधारण एक-तृतीयांश होते. व्हीएनेच १,५२२ माजी सैनिकांवर केलेल्या वेगळ्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. सगळे असे, की ज्यांना किमान एका औषधाने गुण आला नव्हता. औषध बदलून ब्युप्रोपियॉन दिले त्यांच्यात १२ आठवड्यांत २२.३ टक्के बरे झाले, चालू औषधाला ब्युप्रोपियॉनची जोड दिली त्यांच्यात २६.९ टक्के, आणि अॅरिपिप्राझोलची जोड दिली त्यांच्यात २८.९. तीनही वाटांनी बहुसंख्य लोक त्या मुदतीत पूर्ण बरे झाले नाहीत, आणि जनुके न तपासता निवडलेल्या वाटांतला फरकही असा थोडक्याच टक्क्यांचा आहे.

औषध न लागण्याची कारणे पुष्कळदा साधी असतात. गोळी अर्ध्यातच सोडलेली असते. मात्रा पुरेशी वाढवलेलीच नसते. झोपेत श्वास अडकण्याचा विकार कोणी तपासलेला नसतो. दारू चालू असते. युद्धातल्या प्रसंगांचे आघातोत्तर तणावाचे दुखणे खाली धुमसत असते आणि वरवर नैराश्याचे उपचार चाललेले असतात. त्या दुखण्याला बोलून करायच्या उपचारांचा आधार गोळीइतकाच, पुष्कळदा जास्त, मोठा आहे.

"अहवाल सरकारी दप्तरात गेला की नोकरी आणि विमा दोन्ही गेले."

अर्धे खोटे, अर्धे खरे. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्य विमा आणि नोकरीत जनुकांवरून भेदभाव करायला मनाई आहे. आयुर्विमा, अपंगत्व विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा मात्र त्या कायद्याच्या बाहेर आहेत, आणि सैन्यात कार्यरत असलेल्यांना नोकरीबाबतचे त्याचे संरक्षण नाही. औषध पचवणाऱ्या विकरांचा अहवाल पुढे नैराश्य होईल की नाही हे सांगत नाही, ही गोष्ट भीती बरीच कमी करते.

"हे अमेरिकेतले प्रकरण, आपल्याकडे त्याचा संबंध नाही."

चाचणी अमेरिकेची, पण विकरे सगळ्यांच्याच यकृतात आहेत आणि २सी१९ बाबत तर दक्षिण आशियाची गोष्ट जास्त ठळक आहे. हे विकर अजिबात काम न करणारे लोक युरोपीय वंशात शंभरात दोन-तीन. आपल्याकडे दहाच्या आसपास. त्यातून एस्सिटालोप्रॅम हे इथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या नेहमीच्या औषधांपैकी एक. त्यामुळे पुण्यातल्या निवृत्त हवालदाराच्या बाबतीत व्हीएचे आकडे जसेच्या तसे उतरवणे चुकीचे, आणि ते वाऱ्यावर सोडणेही चुकीचे. तपासणी महाग आहे. ती स्वस्त होईतोवर कमी मात्रेने सुरुवात करून सावकाश वाढवणे आणि वय किंवा हृदयरोग असेल तर ईसीजी पाहणे यात बरेचसे साधते.

एक गोष्ट मात्र पैसे खर्च करण्याआधी घरच्या कपाटात पाहावी. अँजिओप्लास्टीनंतर दिले जाणारे क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ ठेवणारे औषध शरीरात २सी१९ मुळेच कामाला लागते, आणि त्यासाठी काही रुग्णालये हेच जनुक तपासतात. स्टेंट बसलेल्या माणसाच्या हृदयरोगाच्या फायलीत तो कागद असेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाताना फाईल सोबत न्यावी. एस्सिटालोप्रॅमसाठी लागणारे उत्तर त्याच कागदावर असते.